राणीच्या बागेचा विस्तार: आपल्या तिकिटाचे पैसे नक्की कुठल्या प्राण्याच्या कामी येतात?

चाफेकळी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. मागच्या रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. माझ्या लहानपणी आजोबा न्यायचे तेव्हा तिकीट अगदीच किरकोळ होतं, आणि बघायचं काय तर हत्ती, पाणघोडा, माकडं आणि ती थोरली थोरली झाडं. २०१७ च्या ऑगस्टपासून मोठ्यांना ५ चे ५० रुपये झाले, नवराबायको आणि दोन मुलं मिळून १००. मला ते महाग वाटत नाही, मुंबईत शंभर रुपयात चौघांचं अजून कुठे काय होतं.

पेंग्विनच्या हॉलमध्ये ही गर्दी. लोक काचेवर टकटक करतायत, मोबाईलचा फ्लॅश मारतायत, मागचा पुढच्याला ढकलतोय. भाची मात्र काचेला नाक लावून शांत बघत होती आणि तिने विचारलं, "आत्या, ही पिल्लं मोठी झाली की ह्यांना समुद्रात सोडणार ना?"

मी गप्प. मला उत्तरच माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसले तर डोकं आणखी गरगरलं. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला, १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं ते जेमतेम आठवडाभर जगलं, पण नंतरची पिल्लं जगली आणि आता संख्या पंधराच्या वर गेलीय. हॉल कायम १६ ते १८ डिग्रीवर ठेवावा लागतो. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीचं टेंडर १५ कोटींच्या घरात गेलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता. दुसरीकडे हेही खरं की पेंग्विन आल्यापासून बागेकडे पाठ फिरवलेले लोक परत यायला लागले, १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात तीस हजारांच्या वर माणसं आली होती.

आता शेजारच्या मिलच्या जागेवर विस्तार, परदेशी प्राणी, मत्स्यालय असं काय काय कानावर येतंय. पैसा मिळवणं वाईट असं माझं म्हणणं नाहीये, उपाशी बागेत प्राणीही उपाशीच राहणार. पण जास्त माणसं येण्यासाठी नवा प्राणी, नव्या प्राण्यासाठी नवं बांधकाम, बांधकामाचा खर्च काढायला अजून माणसं, ह्या चक्रात रानातल्या प्राण्याच्या वाट्याला काही येतं का? ह्या क्षेत्रातलं कोणी इथे असेल तर खरंच सांगा, मला पोरीला खोटं सांगायचं नाहीये.

गवताळ_माळ:

धागा आवडला. मी वन्यजीव विषयात शिकलोय आणि काही वर्षं फील्डवर काम केलंय, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी भाचीचं उत्तर. नाही, सोडणार नाहीत. हंबोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. तिथे त्याची संख्या घटतेय ती पक्षी कमी जन्मतात म्हणून नव्हे, तर खायला मासा उरत नाही म्हणून. अँचोव्ही ह्या छोट्या माशाची प्रचंड मासेमारी, एल निनोच्या वर्षी म्हणजे समुद्राचं पाणी तापतं तेव्हा मासा खोल जातो, जाळ्यात अडकून मरतात, आणि ज्या ग्वानोत म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात ते घरटी खोदायचे तो खत म्हणून खणून नेला. भायखळ्यात जन्मलेली शंभर पिल्लं तिथे नेऊन सोडली तरी खाणार काय? वर इथला एखादा रोग तिकडच्या वसाहतीत गेला तर होतं तेही जाईल. प्राणिसंग्रहालयातल्या प्रजननाचा एक फायदा नक्की आहे, पुढच्या प्रदर्शनासाठी जंगलातून पक्षी पकडून आणावे लागत नाहीत. तो फायदा खरा आहे, पण त्याला संवर्धन म्हणायचं असेल तर जपून म्हणावं एवढंच.

आता मूळ प्रश्न. माझा अनुभव असा की तिकीट किती आहे ह्याने फारसं बिघडत नाही, बिघडतं ते कुठला प्राणी आणायचा हे तिकीटबारी ठरवायला लागली की. पांढरा वाघ घ्या. १९५१ साली रीवाच्या जंगलात मोहन नावाचा एक बछडा पकडला, आज जगभर पिंजऱ्यात दिसणारे पांढरे वाघ मुख्यतः त्याच्याच वंशातले. पांढरा रंग टिकवायचा म्हणून बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण असे जोडे लावले गेले, आणि त्यातून तिरळे डोळे, वाकडा कणा, कमकुवत पिल्लं. ही काही वेगळी प्रजाती नाही, रंगाचा एक दोष आहे, रानात त्याच्यावाचून काही अडत नाही. पण पांढरा वाघ आला की गर्दी होते! अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना ही पैदास बंद करायला सांगितली, आपल्याकडे मात्र अजून पांढऱ्या वाघाच्या नावाने सफारी काढतात.

दुसरं उदाहरण चंदीगडजवळच्या छतबीरचं, ते मला जास्त लागतं. तिथे आशियाई सिंहांमध्ये सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांचं रक्त मिसळलं. बछडे भराभर झाले, बघायला सिंहच सिंह, आणि जनुकीय तपासणी झाली तेव्हा कळलं की हे संकरित आहेत, गीरच्या सिंहासाठी ह्यांचा काडीचा उपयोग नाही. मग नसबंदी करून त्या सगळ्यांना म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळत बसावं लागलं. तेवढे पिंजरे, तेवढं मांस, तेवढी वर्षं. म्हणून कुठल्याही बागेत गेलात की प्राणी किती आहेत ते विचारू नका, त्यांचं स्टडबुक आहे का ते विचारा, म्हणजे कोण कुणाचं पिल्लू, कुणाचा जोडा कुणाशी लावायचा ह्याची वंशावळ.

आणि आपल्या देशातलं एक मोठं संवर्धन प्रजनन जिथे चाललंय तिथे तिकीटबारीच नाही. हरयाणात पिंजोरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि तिथल्या वनखात्याचं गिधाडांचं केंद्र आहे, २००१ पासूनचं. गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामकामुळे, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं अक्षरशः पटापट मेली, पांढऱ्या पाठीची तर हजारातलं एखाददुसरं उरलं अशी गत झाली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं. पिंजोरला पिल्लं वाढवताना माणूस दिसू नये म्हणून कॅमेऱ्यातून नजर ठेवतात. तिथली लांब चोचीची १० गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबात आणली, पुढे आधी बंद जाळीत ठेवून मग मोकळी केली. त्यातली काही गेलीसुद्धा, हे काम असंच कष्टाचं असतं. पण हा पैसा काही पेंग्विनच्या रांगेतून आलेला नाही.

किपरचा_पोरगा:

गवताळ_माळ ह्यांनी बरोबर लिहिलंय पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. माझे वडील एका महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात किपर म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारे होते, गाव सांगत नाही. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो, पहाटे सिंहाच्या आवाजाने जाग यायची.

लोकांना दिसतो तो दर्शनी भाग, काच, खंदक, धबधबा. प्राण्याचं अर्धं आयुष्य जातं ते मागच्या रात्रीच्या खोलीत. नवीन एन्क्लोजर बांधायचं ठरलं की सगळा पैसा समोर ओततात कारण उद्घाटनाला फोटो समोरचा येतो. वडिलांच्या वेळी असंच एक झकपक एन्क्लोजर झालं आणि मागच्या खोलीचा सरकदरवाजा असा बसवला होता की तो अडकला की किपरला हात आत घालायला लागायचा. वाघाच्या पिंजऱ्यात हात! तीन पत्रं लिहिली तेव्हा तो बदलला. स्क्वीज केज म्हणजे प्राण्याला इंजेक्शन द्यायला दाबून धरायचा पिंजरा, तोही वेळेवर मिळाला नाही, मग प्रत्येक वेळी बेशुद्ध करायचं आणि भुलीत धोका असतोच.

आणि खुराक. गर्दीचं उत्पन्न वाढलं म्हणून खुराकाचं बजेट आपोआप वाढतं असं अजिबात नाही, कारण बऱ्याच ठिकाणी गेटचा पैसा थेट पालिकेच्या तिजोरीत जमा होतो आणि बागेला मिळतं ते बजेटमध्ये मंजूर झालेलं. म्हणजे चाफेकळीताई, तुमचे शंभर रुपये पेंग्विनला मिळाले की रस्त्याच्या खड्ड्यात गेले हे सांगता येणार नाही. आधी हे बदलायला पाहिजे. तिकिटाचा पैसा वेगळ्या खात्यात, त्यातला ठरलेला वाटा स्थानिक प्राण्यांवर, आणि वर्षाच्या शेवटी हिशोब गेटवर लावलेला, असं झालं तर विस्ताराला माझा विरोध नाही.

अजून एक. आठवड्याला एक दिवस बाग बंद असते, राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय दोन्ही बुधवारी. लोक चिडतात की बुधवारी सुट्टी काढून आलो आणि गेट बंद. अहो तो दिवस प्राण्यांचा आहे. वडील सांगायचे की सुट्टीच्या दिवशी अस्वलं वेगळीच वागतात, पार पुढे येऊन पाय पसरून झोपतात. विस्तार झाला की पहिला डोळा ह्याच दिवसावर जातो, रात्रीची सफारी, लग्नाचे फोटो, वाढदिवस. तेवढं तरी होऊ देऊ नका.

वाटसरू_४२:

सगळी प्राणिसंग्रहालयं बंद करा. कुठलाही प्राणी पिंजऱ्यात सुखी नसतो. एवढंच.

ऑरेंज_सिटी:

वाटसरू, तुमची भावना समजते, पण मग आमच्याकडचे वाघ कुठे ठेवायचे ते सांगा. मी नागपूरचा, गोरेवाड्याजवळ राहतो. चंद्रपूर जिल्ह्यात माणसावर हल्ला केलेला वाघ पकडला की तो परत रानात सोडता येत नाही, लोक सोडू देणार नाहीत आणि त्यांचं चुकीचंही नाही, शेतावर गेलेली बाई घरी आली नाही की त्या गावाचं काय होतं ते आम्ही बघतो. असे वाघ, बिबटे, अस्वलं गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात येतात आणि मरेपर्यंत तिथेच राहतात. पंधरा-पंधरा वर्षं. त्यांना रोज मांस लागतं, डॉक्टर लागतो, जागा लागते.

गोरेवाड्याचं जंगल १९१४ हेक्टरचं आहे. बचाव केंद्र आधी झालं आणि २६ जानेवारी २०२१ ला भारतीय सफारी सुरू झाली, पुढे आफ्रिकन सफारीही करायचीय. मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. आसपासच्या पोरांना ड्रायव्हर, गाईड म्हणून काम मिळालं, आणि सफारीच्या बसमधून मोकळ्यात फिरणारा वाघ पाहिलेलं पोरगं आणि दहा बाय दहाच्या पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ पाहिलेलं पोरगं ह्यांच्या मनात फरक पडतोच.

पण २०२४ च्या डिसेंबर अखेरीला काय झालं ते विसरू नका. बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. हे वाघ संघर्षातूनच पकडून आणलेले होते. बर्ड फ्लू वाघाला होतो हेच गावात कुणाला खरं वाटेना. एकाच ठिकाणी इतके प्राणी ठेवले की मांसाची तपासणी, विलगीकरण, प्रयोगशाळा हे सगळं सफारीच्या बसआधी उभं राहायला पाहिजे. कात्रजलाही २०२५ च्या जुलैत लाळ्या-खुरकुताने सोळा चितळ गेली. मला आफ्रिकेचा जिराफ बघायला आवडेल, नाही असं नाही, पण त्याआधी आमच्या वाघाला रक्त तपासायला दुसऱ्या राज्याची वाट बघावी लागू नये.

बेडोकवासी:

उशीरा आले धाग्यावर. अकरा वर्षं सिंगापुरात आहे, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पोरांना घेऊन मंडाईला, म्हणजे इथली प्राणिसंग्रहालयं आहेत त्या भागात, दरवर्षी जाते (आपल्या पुण्याची मंडई नव्हे, पोरं दरवेळी हसतात). ह्या विषयावर सिंगापूर बघण्यासारखं आहे कारण इथे व्यवसाय उघड उघड आहे, कुणी लपवत नाही. सिंगापूर झू, १९९४ ची नाईट सफारी, नदीकाठचं रिव्हर वंडर्स, २०२३ ला जुरोंगचं जुनं बर्ड पार्क बंद करून मंडाईत बांधलेलं बर्ड पॅराडाइज, आणि आता तीनशेच्या वर खोल्यांचं रिसॉर्ट. तिकिटं महाग आहेत, चौघांचं गेलं की खिसा जाणवतो.

दोन गोष्टी सांगते. हे सगळं मध्यवर्ती पाणलोट राखीव जंगलाच्या कडेला बांधलंय. काम चालू असताना रस्त्यावर जंगली जनावरं गाडीखाली आली, निसर्गप्रेमींनी खूप आरडाओरडा केला. मग मंडाई लेक रोडवरून झाडं लावलेला रुंद पूल बांधला, फक्त प्राण्यांसाठी, २०१९ च्या शेवटी तो सुरू झाला, आणि त्याच्यावरून सुंदा खवल्या मांजर, छोटं पिसोरीसारखं हरीण जाताना कॅमेऱ्यात दिसलंय. पण मला अजूनही वाटतं की हा पूल इतर सगळ्या कामांच्या आधी व्हायला हवा होता, मेलेली जनावरं मोजल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट चाफेकळीसाठी. इथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, डिसेंबर १९९० मध्ये इथेच जन्मलेलं. विषुववृत्तालगत पांढरं अस्वल! एकेकाळी त्याच्या केसात शेवाळ वाढून ते हिरवं दिसायचं. लोकांचा फार जीव होता त्याच्यावर, रांगा लागायच्या. तरी २००६ मध्ये झूने जाहीर केलं की ह्यापुढे उष्ण देशात नवीन ध्रुवीय अस्वल आणणार नाही. इनुकाला शेवटपर्यंत नीट सांभाळलं, २०१८ च्या एप्रिलमध्ये सांधेदुखीने उभंही राहवेना तेव्हा डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो, लोक फुलं ठेवून रडत होते. हमखास गर्दी खेचणारा प्राणी, आणि तो सोडून द्यायचा निर्णय झाला, तरी झू बुडालं नाही. मुंबईतल्या आत्ताच्या पेंग्विनना नीट सांभाळा, त्यांचा काय दोष, पण अजून थंड प्रदेशातले प्राणी आणायच्या आधी ह्याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

गवताळ_माळ:

बेडोकवासी, इनुकाचं लिहिलंत ते बरं केलंत. आणि कुणाला वाटू नये की मी सगळ्याच झूंच्या विरोधात आहे. दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय १९५८ चं, डोंगरात. हिमालयातलेच प्राणी ठेवायचे हे त्यांनी ठरवून घेतलं, हिमबिबट्या आणि रेड पांडा. पर्यटक येतात, तिकीट काढतात, पण प्रजननाचं काम वर टोपकेदाऱ्याला वेगळ्या केंद्रात चालतं, तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. त्या झूने वाढवलेल्या रेड पांडाच्या माद्या २००३ मध्येच शेजारच्या सिंगालिला जंगलात सोडल्या होत्या. समोर तिकिटाची बाग, मागे शांत केंद्र, आणि प्राणी तिथल्याच डोंगरातले. महाराष्ट्रात हे का होऊ नये? आपल्याकडे शेकरू आहे, खवल्या मांजर आहे, गवताळ माळावरचा लांडगा आणि खोकड आहे. ह्यांची नावंसुद्धा मुंबईतल्या पोरांना माहीत नाहीत. मिलच्या जागेवर जॅग्वार आणण्यापेक्षा सह्याद्रीचं एक दालन नीट करा, मी स्वतः पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

चाफेकळी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल भाचीला फोनवर सांगितलं की नाही सोडणार, त्यांचा समुद्र फार लांब आहे आणि तिथले मासे माणसांनी पकडून नेले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली मग मासे परत ठेवा ना. शेकरूचा फोटो पाठवला तर विचारते हा कुठे दिसेल. भीमाशंकरला नेईन म्हटलंय.

मला एक गोष्ट राहून राहून आठवतेय. राणीची बाग १८६२ ची, मुळात वनस्पती उद्यान, तिथला गोरखचिंच आणि ते जुने वृक्ष आपल्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिलेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी परदेशी सल्लागाराने भला मोठा आराखडा केला होता तेव्हा झाडांसाठी मुंबईतले नागरिक भांडले आणि तो गुंडाळावा लागला. म्हणजे बोललं तर ऐकलं जातं. विस्ताराच्या आराखड्यावर हरकती मागवल्या तर मी किपरचा_पोरगा ह्यांचं ते वेगळ्या खात्याचं आणि मागच्या खोल्यांचं नक्की लिहिणार आहे, मसुदा इथे टाकीन, दुरुस्त करून द्याल का? आणि किपरदादा, काचेवर टकटक करणाऱ्यांचं काय करायचं हो? पाट्या आहेत, कुणी वाचत नाही.

किपरचा_पोरगा:

टाका मसुदा, वडिलांनाच वाचून दाखवतो, ७४ वर्षांचे आहेत पण ह्या विषयावर अजून ताठ बसतात.

काचेचं त्यांना आत्ताच विचारलं. म्हणाले पाटी नको, माणूस उभा करा, पण शिट्टी वाजवणारा वॉचमन नव्हे. त्यांच्या वेळी एका उन्हाळ्यात कॉलेजची पाच-सहा मुलं स्वयंसेवक म्हणून आली होती, ती पिंजऱ्याजवळ उभी राहून लोकांना प्राण्याचं नाव, वय, तो काय खातो, कुणाशी भांडतो असं सांगायची. प्राण्याला नाव आहे आणि त्याचं काल पोट बिघडलं होतं हे कळलं की लोक आपोआप हळू बोलायला लागायचे, शेंगदाणे फेकायचे थांबायचे. मुलांची परीक्षा आली, ती गेली, परत सगळं जसंच्या तसं. त्या मुलांना महिन्याला काही मानधन देऊन कायम ठेवा असं वडिलांनी लिहून दिलं होतं, मंजूर झालं नाही. तुमच्या मसुद्यात हेही घाला, पेंग्विनच्या काचेपाशी दोन, पाणघोड्यापाशी एक आणि वाघापाशी दोन माणसं, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारी.